कडेला मुरड

गॅलेट करायला साचा लागत नाही, हा त्याचा पहिला गुण. मैद्याची एक थंडगार पोळी लाटायची, मध्ये फळांचे काप रचायचे, कडेची दोन-तीन बोटं रुंद मोकळी पट्टी आत दुमडायची आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. वर झाकण नाही, खाली भांडं नाही. भाजून आल्यावर कड कुठे जाड दिसते, कुठे पातळ. एखाद्या फटीतून फळाचा रस बाहेर पडून ट्रेवर त्याची चिक्की झालेली असते आणि ती खरवडून खाण्यावरून घरात भांडणं होतात. इंग्रजी पाककृतींमध्ये या अशा दिसण्याला ‘रस्टिक’ म्हणतात. मराठीत ‘ओबडधोबड’ हा चांगला शब्द आहे, पण ओबडधोबड म्हटलं की कॅफेवाल्याला एका तुकड्याचे साडेतीनशे रुपये लावता येणार नाहीत.

नावाची गंमत अशी की हा शब्द फ्रेंच ‘गाले’वरून आला असं शब्दकोश सांगतात, आणि गाले म्हणजे पाण्याने झिजून गुळगुळीत झालेला गोटा. खुद्द फ्रान्समध्ये गॅलेट या एका शब्दाखाली बऱ्याच गोष्टी येतात. वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात गॅलेट मागितलंत तर कुट्टूच्या पिठाचं पातळ घावन समोर येईल, आत चीज आणि अंडं वगैरे. जानेवारीत ‘राजांचं गॅलेट’ मिळतं. ते पापुद्र्यांचं, वरून बंद, आत बहुतेक वेळा बदामाचं सारण आणि सारणात लपवलेली एक चिमुकली चिनी मातीची वस्तू. ज्याच्या तुकड्यात ती निघेल तो त्या दिवसाचा राजा. उघड्या तोंडाचं, फळांचं जे गॅलेट मी करते ते फ्रेंच घरांमधलंच, पण या नावाने त्याला जगभर फिरवलं ते जास्त करून अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांनी. 1959 मध्ये फ्रान्समधून अमेरिकेत गेलेले शेफ जाक पेपँ यांचा त्यात मोठा हात. टीव्हीवर ते हा पदार्थ असा करतात की बघणाऱ्याला वाटावं, हे मलाही जमेल. मला जमलं ते त्यांच्याकडे बघूनच.

ते 2020 साल होतं. टाळेबंदीत ज्याला त्याला बनाना ब्रेडचं वेड लागलं होतं आणि माझ्याकडे केकचं भांडंही नव्हतं. आदल्या भाडेकरूने मागे ठेवलेला एक ओटीजी होता, खालची कॉइल चालू, वरची रुसलेली. साचा न लागणारं काहीतरी शोधताना गॅलेट सापडलं आणि मी तिथेच थांबले. कारण माझं आणि गोल आकाराचं जुनं वैर आहे. माझ्या पोळीला घरात कायम ‘नकाशा’ म्हटलं गेलं. आज श्रीलंका, उद्या ऑस्ट्रेलिया, एकदा तर गुजरात, कच्छच्या आखातासकट. आजी म्हणायची, “हिला सासरी भूगोल शिकवायला ठेवतील.” एका अशा पदार्थाची ओळख झाली जिथे नकाशा काढला तरी लोक फोटो काढतात, म्हटल्यावर मी दुसरीकडे कशाला जाऊ?

आईची पोळी मात्र कंपासने काढल्यासारखी असायची. घडीची पोळी लाटताना छोट्या गोल लाटीला तेल लावून दोनदा दुमडतात, म्हणजे हातात येतो तो त्रिकोण, आणि त्या त्रिकोणाचा पुन्हा गोल करायचा असतो. खरी मेख तिथे आहे. आईच्या लाटण्याखाली तो त्रिकोण चार-पाच फेऱ्यांत कोपरे विसरायचा. पोळी उचलून फिरवायची तिला गरजच पडायची नाही, लाटण्याच्या दाबानेच ती पोळपाटावर फिरत राहायची. साताऱ्याच्या घरी सणाला तीस-चाळीस पोळ्यांची चवड रचलेली असे आणि त्या चवडीतून एकही कड बाहेर डोकावत नसे. तिला बघायला आले होते तेव्हा पोळ्या करून दाखवायला लावलं होतं. हे ती रागाने सांगत नाही, हे मला कॉलेजात असताना फार खटकायचं. ती अभिमानाने सांगते. “दहा केल्या. दहाच्या दहा सारख्या.”

तीन वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन्सचं निदान झालं.

पार्किन्सन्स म्हटलं की लोक हात थरथरवून दाखवतात. थरथर असते, पण ती बहुतेक करून हात मोकळा पडलेला असताना. मांडीवर ठेवलेला आईचा उजवा हात जपमाळ ओढल्यासारखा हलत राहतो आणि तोच हात पेला उचलायला निघाला की थरथर ओसरते. म्हणजे कामातला हात त्या मानाने स्थिर. त्रास वेगळाच असतो: स्नायू आखडतात, हालचाल मंद होते आणि लहान लहान होत जाते. अक्षरसुद्धा आक्रसतं. आईने लिहिलेली वाण्याची यादी ‘तांदूळ’पासून सुरू होते आणि ‘हिंग’पर्यंत पोचताना अक्षर मुंगीएवढं झालेलं असतं. पोळी लाटताना मनगटाला जो मोकळा झोका लागतो तोच गेला. दाब एका बाजूला जास्त पडायला लागला. त्रिकोणाचा एक कोपरा मिटेचना. एक दिवस तिने पोळपाटाकडे बघितलं, “झाला नकाशा,” म्हणाली आणि लाटणं खाली ठेवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी पोळ्यांना बाई लागली.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारला होता: वास येतो का? आई जराशी थांबली. मग म्हणाली, “तूप कढवताना यायचा बंद झालाय, चार-पाच वर्षं झाली असतील. मी म्हटलं, हल्ली लोणीच तसलं येतं.” थरथर दिसायच्या कितीतरी आधी वासाची जाण कमी होऊ शकते, हे त्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षी आई-बाबा माझ्याकडे पुण्याला राहायला आले. बाबांनी गोळ्यांचं खातं हातात घेतलं. बँकेत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे वहीत रकाने आहेत, वेळा आहेत, सही तेवढी बाकी आहे. सकाळी सातची गोळी रिकाम्या पोटी. दूध, डाळ, अंडं यांतल्या प्रथिनांमुळे तिचं शोषण अडतं, म्हणून नाश्ता पाऊण तासाने. साधारण आठ ते दहा हा आईचा चांगला वेळ. हात तिचं ऐकतात. या दोन तासांत ती केस विंचरते, दोन फोन करते, कपाट आवरते, आणि शिल्लक वेळात माझ्या स्वयंपाकघरात काय काय चुकतंय ते बघते.

एका रविवारी मी गॅलेटचं पीठ करत होते आणि ती खुर्ची ओढून बसली. पहिला वाद मोहनावरून झाला.

“मोहन गार घालतेस?”

तिच्या जगात मोहन कडकडीतच असतं. करंजी, शंकरपाळी, चकली, कशालाही असो, तूप किंवा तेल धूर येईस्तोवर तापवायचं, पिठावर ओतायचं, पीठ चोळायचं आणि मूठ वळते का ते बघायचं. मूठ वळली म्हणजे मोहन बेताचं पडलं. यामागे जे घडतं ते असं: चरबीचा पातळ थर पिठाच्या कणांवर बसतो, मग पाणी घातल्यावर मैद्यातली प्रथिनं एकमेकांना धरून चिवट होऊ शकत नाहीत. म्हणून करंजी खुसखुशीत होते. गरम मोहन पसरतं छान, सगळीकडे सारखं. गॅलेटमध्ये नेमकं हेच नको असतं. तिथे लोणी गार आणि घट्ट हवं, पिठात वाटाण्याएवढे त्याचे खडे राहिलेले हवेत. लाटताना हे खडे चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये अडकून बसतात. ओव्हनच्या आचेने लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थर उचलून धरते. पापुद्रे सुटतात ते असे.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे चिरोट्याचा साटा. तू तो लावायचा कंटाळा करतेस आणि पिठातच गोळे ठेवतेस.”

पाच वर्षं मी या विषयावरचे व्हिडिओ बघतेय. इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. चिरोट्याला तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा फेसून पोळ्यांमध्ये लावतात, वळकटी करतात, कापतात, लाटतात. पापुद्रे मोजून घडवलेले. गॅलेटमध्ये ते आपले आपण, जिथे खडा असेल तिथे, म्हणून भाजल्यावर कड एकसारखी फुलत नाही. ओबडधोबडपणा नुसता आकारात नसतो, तो पिठातच कालवलेला असतो.

माझं प्रमाण 200 ग्रॅम मैद्याला 130 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर आणि बर्फाचं पाणी 50 ते 60 मिलिलिटर. पाण्याचा आकडा असा ढिला ठेवलाय कारण घरचं लोणी. विकतच्या बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो. सायीच्या लोण्यात किती पाणी उरलंय ते ज्याने ते धुतलं आणि दाबलं त्याला माहीत. आमच्याकडे आता ते काम आईचं आहे. ती पीठ चिमटीत धरते, आणि मी मापातलं अर्धं पाणी ओतते न ओतते तोच म्हणते, “पुरे.” मी एकदोनदा ऐकलं नाही. पीठ चिकट झालं नाही, पण लाटल्यावर आक्रसायला लागलं, आणि ती काही न बोलता खिडकीबाहेर बघत बसली.

पुण्याच्या एप्रिलमध्ये हा पदार्थ करणं हा थोडासा उद्दामपणाच आहे. ज्या हवेत लोणी टेबलावर ठेवलं तरी शहाण्यासारखं वागतं त्या हवेतली ही पाककृती. इथे मैदा फ्रीजरमध्ये, परातीखाली बर्फाचं ताट, आणि आईचा संगमरवरी पोळपाट रात्रभर फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यावर आडवा. त्या पोळपाटासारखी गार जागा माझ्या घरात दुसरी नाही. साताऱ्याहून तो आणायला बाबा तयार नव्हते, फार जड म्हणून. आईने तो शालीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला.

फळांचं म्हणाल तर पाणी हा एकच शत्रू. साखर लागली की फळ पाणी सोडतं आणि खालचं पीठ शिजतं, भाजत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं मला फार कौतुक नाही. दिसायला देखणी, पण ओव्हनमध्ये तिचा पार रस्सा होतो. हापूसचं गॅलेट करू नये. तो अपमान आहे, कुणाचा ते तुम्ही ठरवा. पेरू उत्तम, जरा कच्चट बघून घ्यावा. आणि सगळ्यात वर अंजीर. सासवडच्या रस्त्याला हंगामात टोपल्या मांडून बसलेले असतात ना, ते पुरंदरचे अंजीर. पातळ सालीचे, दुसऱ्या दिवशी टिकणार नाहीत असे. अर्धे कापून उघडी बाजू वर ठेवली की रस फळातच बसून राहतो.

तर त्या पहिल्या रविवारी अंजीरच होते. मी लाटलं, फळं मांडली आणि आईला म्हटलं, “कड तू दुमड.” आईच्या करंजीची मुरड म्हणजे आमच्या गल्लीत सांगायची गोष्ट होती. कातण्याने कापलेल्या करंज्या ती कमी प्रतीच्या मानायची. तिने सवयीने कड चिमटीत धरली आणि बारीक मुरड घालायला गेली. अंगठा आणि तर्जनीचं ते झटपट पुढे सरकणं जमलं नाही. दोन वळ्या पडल्या, तिसरी अडकली. मग तिने अख्खा तळवा खाली घातला आणि मोठमोठ्या घड्या आत टाकल्या, साडीच्या निऱ्या घ्याव्यात तशा. आठ-नऊ घड्यांत गोल पुरा झाला. म्हणजे, गोल नव्हे.

तिने हात पुसले. “हे तू माझ्यासाठी शोधून काढलंस ना? वाकडं चालेल असं.”

“नाही गं. मी माझ्यासाठी शोधलं होतं. तेव्हा तर तुला—”

“तुझं वाकडं आणि माझं वाकडं एक नाही,” ती म्हणाली. “तुला गोल येत नव्हतं. मला येत होतं.”

गॅलेट चांगलं झालं होतं. तिने अर्धा तुकडा खाल्ला आणि पुढचे दोन रविवार ती स्वयंपाकघराकडे फिरकली नाही.

त्या दोन आठवड्यांत मी माझ्या फोनमधली सेव्ह केलेली गॅलेटं पुन्हा बघितली. लिननच्या फडक्यावर मुद्दाम सांडलेला मैदा. खाली ओळी: अपूर्णतेतलं सौंदर्य, स्वतःला माफ करा, वाबी-साबी. यातलं एकही गॅलेट खरं वाकडं नव्हतं. ज्याला सरळ येतं त्याने हौसेने काढलेलं ते वाकडं होतं, आणि ते कधीही परत सरळ करायची मुभा हाताशी ठेवून. माझं वाकडं त्याहून बरं म्हणायचं, निदान प्रामाणिक. पण त्याचीही मला कधी किंमत मोजावी लागली नव्हती. माझ्या नकाशांवर घरात हसले, तेवढंच. पोळीच्या गोलावर ज्यांची परीक्षा घेतली गेली, आणि ज्या पहिल्या नंबराने पास झाल्या, त्यांना ‘आकाराचं काय एवढं’ असं सांगणं म्हणजे त्यांचं सर्टिफिकेट फाडून त्याचे कागदी होडके करून देणं. ती परीक्षाच चुकीची होती हे माझं मत अजूनही आहे. आईला ते ऐकण्यात रस नाही.

ती परत आली ती माझ्या गॅलेटचं बूड बघून. बाबांनी सासवडवरून येताना दोन किलो अंजीर आणले होते आणि मी घाईने एक केलं होतं. आईने तुकडा उलटा केला, बोटाने दाबला. “भिजलंय.” पेपँसाहेबांची युक्ती मी वापरत होते, फळांखाली बदामाची पूड, थोडा मैदा आणि साखर पसरायची म्हणजे रस ती पिऊन घेते. आई म्हणाली, बदाम कशाला, बारीक रवा कोरडा भाजून घाल. रवा रस पितो आणि शिरा होऊन बसतो, त्यालाही चव असते. शिवाय ट्रे आधीच तापवून ठेवायला सांगितला. हे तिला कुठून माहीत? तर लहानपणी मे महिन्यात रवा-तूप-साखरेचे डबे घेऊन पोरं गल्लीतल्या बेकरीत जायची, बिस्किटं भाजून आणायला. रांगेत तास तास बसून तिने भट्टी बघितली होती. थंड पत्रा आत गेला की भट्टीवाला पोराला शिव्या द्यायचा, ही तिची ओव्हन या विषयातली पदवी.

रवा घातला. बूड कोरडं झालं. आता आमच्याकडे रवाच असतो.

आणि त्याच दिवशी, पीठ लाटून झाल्यावर, ती उठली आणि डब्यांच्या कपाटातून लाडवाच्या डब्याचं झाकण काढून घेऊन आली. स्टीलचं, वीतभर व्यासाचं. पिठावर ठेवलं, दोन्ही तळव्यांनी वजन टाकून दाबलं, गोल फिरवलं आणि बाजूचं पीठ सोलून काढलं. पुऱ्या एकसारख्या हव्या असल्या की वाटीने कापतात, तसं. पोळपाटावर बिनचूक वर्तुळ उरलं. मग सावकाश, एक घडी टाकून थांबत, दुसरी टाकून थांबत, तिने कड आत घेतली. अकरा घड्या. मी मोजल्या, कारण ती मोजत होती.

उरलेल्या चिंध्यांचा गोळा माझ्याकडे सरकवत म्हणाली, “हे तुझं. कर काय देश करायचाय तो.”

तेव्हापासून ट्रेवर दोन असतात, तिचं गोल आणि माझं बहुधा आफ्रिकेच्या वळणाचं. माझं पीठ दुसऱ्यांदा लाटलेलं, त्यामुळे त्याचे पापुद्रेही कमी. सोसायटीत वाटायला जातं ते तिचं. कुठल्या बेकरीतून आणलं असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, तेव्हा तिने पंधरा मिनिटं त्यांना मोहन गार का असावं लागतं ते समजावून सांगितलं, जणू तिचा जन्म त्यातच गेला होता.

सगळेच रविवार असे नसतात. कधी सातच्या गोळीचा असर उशिरा चढतो, कधी मुळीच नीट चढत नाही, आणि ती खुर्चीत आखडून बसलेली असते. अशा दिवशी पीठ फ्रिजमध्ये थांबतं. दोन दिवस थांबू शकतं, त्याचं काही बिघडत नाही. कधी ती झाकण उचलून दाबते आणि पुढच्या घड्या बाबा टाकतात, अंगठ्याने ठोकून, पासबुकात शिक्का मारावा तशा.

एक काम मात्र माझ्याकडेच आहे. 200 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं हा आकडा नावाला. वरची कॉइल अजून रुसलेलीच असल्यामुळे गॅलेट झालं की नाही हे घरात आधी वासाने कळतं आणि आईला तो येत नाही. तिला आवाज कळतो, रस मध्यभागी बुडबुडायला लागला की ती बोट वर करते. काचेतून रंग बघते. आणि मग विचारते, “वास कसला येतोय?”

पहिल्यांदा मी म्हटलं, छान. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. मग शिकले. आधी ओल्या मैद्याचा येतो, कणीक तिंबून झाकून ठेवल्यासारखा. मग लोण्याचा, पण कच्चा. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास तो बदलतो.

“आता?”

“तूप कढायला लागल्यासारखा. बेरी खाली बसायच्या आधीचा.”

“आणि अंजिराचा?”

मी ओव्हनजवळ वाकले. “गुळाचा येतोय. पाक करताना येतो ना, तसा. जरासा कडवट.”

“कडवट येतोय आणि उभी काय राहिलीस,” आई म्हणाली. “काढ बाहेर.”